पोरीच्या कोळ्याची जात

माझ्या पोरीनं कोळी पाळलाय, हे मी पहिले दोन महिने गल्लीत कुणाला कळू दिलं नाही. लोकांच्या पोरी मांजर पाळतात, पोपट पाळतात, फार झालं तर कासव. हिनं पुण्याहून येताना पर्समधून एवढीशी प्लास्टिकची डबी काढली आणि म्हणाली, "पप्पा, ओरडू नका." मी तोंड उघडायच्या आधीच ती असं म्हणते, यावरून माझी ख्याती तुमच्या लक्षात आली असेल. डबीत चिमूटभर ओल्या मातीवर तुरीच्या दाण्याएवढा एक जीव आठ पाय जवळ घेऊन बसला होता. टॅरँटुला म्हणे. मोठा झाला की माझ्या तळहाताएवढा होणार म्हणे.

मी ओरडलो. "अगं, लोक घरातले कोळी घालवायला माणसं बोलावतात, अन् तू पुण्याहून घेऊन आलीस?"

"पप्पा, तो झोपलाय," ती म्हणाली.

मी घडीसाज. गुलमंडीच्या मागच्या बोळात जिन्याखाली माझं दुकान. मी आत बसलो की दुसऱ्या माणसाला बाहेर उभं राहूनच बोलावं लागतं. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलोय. या धंद्यानं मला एकच गोष्ट शिकवली. घड्याळ बंद पडलं की गिऱ्हाईक म्हणतं, मशीन गेलं. मशीन-बिशीन काही जात नाही. मळ बसलेला असतो. आधी खोलायचं, ब्रशनं साफ करायचं, आणि मग तोंड उघडायचं. साफ न करता निदान सांगणारा घडीसाज मी दारात उभा करणार नाही.

घरातही तेच. आमचं घर हर्सूलला, तलावाच्या अलीकडं. रविवार म्हणजे आमच्याकडं जळमटं काढायचा वार. आई म्हणायची, घरात जाळं दिसलं की समजावं, अवदसा उंबऱ्यात आली. बांबूला कुंचा बांधून प्रत्येक कोपरा झाडायचा, माळ्यावरचे, पंख्यावरचे, फोटोमागचे, सगळे. बायको होती तोवर ती सांगायची आणि मी कुरकुरत झाडायचो. चार वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हापासून न सांगता झाडतो. बाई गेली आणि घराची रया गेली, असं कुणी म्हटलेलं मला खपणार नाही.

पोर शेंद्र्याला एका कारखान्यात इंजिनियर आहे. दिवाळीनंतर कंपनीनं तिला सहा महिन्यांसाठी चेन्नईला ट्रेनिंगला पाठवलं. तोवर कोळी दोन रुपयांच्या नाण्याएवढा झाला होता आणि जेवणाच्या डब्याएवढ्या पारदर्शक डब्यात राहायला गेला होता. पोरीचं ठरलं होतं की पुण्याची मैत्रीण येऊन त्याला घेऊन जाईल. तिच्याकडं असलेच चार-पाच आहेत.

"मैत्रीण कशाला? मी आहे की," मी म्हणालो.

"पप्पा, तुमच्यानं नाही व्हायचं."

झालं. नाकाला मिरची झोंबली. धुळीचा कण बसला तरी बंद पडणारी बायकांची घड्याळं मी चालू करतो, आणि मला एक कोळी सांभाळता येणार नाही? पण खरं सांगायचं तर नुसता राग नव्हता. पोर जाणार, घरात मी एकटा, निदान संध्याकाळी कुलूप काढल्यावर आत काहीतरी जिवंत असावं असं वाटलं. हे मी तिला बोललो नाही. ओरडायला मला येतं, हे असलं बोलायला येत नाही.

तिनं जाताना कागद लिहून दिला. हात लावायचा नाही, चावला तर बरंच दुखतं. आठवड्याला एक बारीक रातकिडा चिमट्यानं सोडायचा. कोपऱ्यात पाण्याचे दोन थेंब. पाठीवर उताणा पडला तर मेला असं समजायचं नाही, कात टाकतोय, डब्याला धक्कासुद्धा लावायचा नाही. आणि शेवटी लिहिलं होतं: अजून जात नक्की नाही.

मला जात विचारलेली आवडत नाही. आमच्या भागात नाव सांगितलं की लोक आडनाव विचारतात, आडनाव सांगितलं की गाव विचारतात, आणि गाव सांगितलं की गप्प होतात. म्हटलं, आता कोळ्यालाही सोडत नाहीत का? पण पोरीनं समजावलं. विकणाऱ्यानं 'मेक्सिकोचा, लाल गुडघ्याचा' म्हणून दिला होता. पण त्याच्याकडं पिल्लांच्या डब्यांची सरमिसळ झालेली असणार, कारण याचे गुडघे लाल व्हायचं नाव घेत नव्हते. आणि जात कळल्याशिवाय घर कसं द्यायचं? बिळात राहणाऱ्याला खोल माती लागते, झाडावर राहणाऱ्याला उंची आणि साल लागते, एकाला कोरडं लागतं, दुसऱ्याला दमट. चुकीच्या घरात पिल्लू खात नाही, झुरतं आणि मरतं. इतक्या लहानपणी बघून सांगणं अवघड असतं, म्हणून वागण्यावरून अंदाज बांधायचा.

"आणि अजून एक," ती म्हणाली. "परदेशातला असेल तर नोंदणी करून ठेवता येतो. ती मी करणारच आहे. पण आपल्याच रानातला कुणी पकडून विकलेला निघाला, तर ठेवायचा नाही. नियमही तसाच आहे आणि माझंही तसंच आहे."

"मेक्सिकोचाच आहे तो," मी म्हणालो. "दिसतोच तसा." मेक्सिकोची माणसं मी पाहिली नाहीत, कोळी कुठून पाहणार, पण बोललो ठोकून.

पहिला महिना छान गेला. आमची ओळख झाली म्हणाल तर झाली. मी कुलूप काढून दिवा लावला की तो एक पाय उचलायचा, पुढचा डावा. पोर फोनवर म्हणाली, पप्पा, तो तुम्हाला घाबरतोय. मी म्हणालो, तू गप गं, तुला काय कळतंय. थंडी वाढली तसा मी त्याला दुकानात न्यायला लागलो, कारण दिवसभर बंद घर गार पडायचं आणि जिन्याखालची जागा उबदार. शेअर रिक्षात डबा कापडी पिशवीत मांडीवर घेऊन बसायचो. एकदा शेजारच्या बाईनं विचारलं, काका, डब्यात काय? म्हटलं, भेंडी. शेजारचा कुलूपकिल्लीवाला मात्र फसला नाही. पिशवीत डोकावून म्हणाला, "क्या चचा, बुढापे में मकड़ी पाल लिए क्या?" आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत बसला.

मग त्यानं खाणं सोडलं.

रातकिडा त्याच्या पुढ्यातून फिरायचा आणि हा बघायचासुद्धा नाही. एक आठवडा, दोन, तीन. पोट म्हणजे मागचा गोल भाग, तो आधी टपोऱ्या हरभऱ्यासारखा होता, तो आक्रसायला लागला. मी रोज फोटो पाठवायचो. पोर तिकडं कोळी पाळणाऱ्या लोकांना दाखवायची. ते म्हणायचे, फोटो वरून काढलाय, प्लास्टिकमधून धूसर येतोय, असं कळत नाही. वागतो कसा ते सांगा.

एका दुपारी तिचा फोन आला. "पप्पा, नीट बघून सांगा. तो बीळ खणतो का?"

"नाही."

"डब्यात जाळं आहे का?"

"छे!" मी म्हणालो. "एक तंतू नाही. एकदम लख्ख. येऊन बघ."

मला तर अभिमान वाटला हो. कारण मी दर रविवारी घरातली जळमटं झाडून झाली की तोच हात पुढं करून त्याचा डबाही साफ करायचो. घड्याळाच्या मऊ ब्रशनं, चिमट्यानं, झाकणाला लागलेलं, कोपऱ्यातलं, पोरीनं ठेवलेल्या झाडाच्या सालीच्या तुकड्यामागचं. त्याला एका बाजूला कपाखाली ठेवायचं, डबा चकाचक करायचा, परत सोडायचं. सोमवारी पाहावं तर वरच्या कोपऱ्यात पुन्हा केलेलंच असायचं काहीतरी. मी म्हणायचो, काय घाणेरडा प्राणी आहे, जित्याची खोड. पोरीनं विचारलं तेव्हा मला वाटलं, ती माझ्या साफसफाईची परीक्षा घेतीय. आपण पैकीच्या पैकी मार्क घेतले.

दोन दिवसांनी तिनं सांगितलं, सगळ्यांचं एकमत झालं. जाळं अजिबात नाही म्हणजे झाडावरचा नाही, जमिनीवरचाच, बहुतेक मेक्सिकोचाच. खोल माती द्या, सालीचा तुकडा काढून टाका, त्याला अडचण होत असेल. मी चार बोटं माती भरली, बोटानं बिळाची सुरुवातही करून दिली आणि साल काढून टाकली. तो मातीवर एक दिवसही बसला नाही. झाकणाच्या कोपऱ्याशी उलटा लटकून राहिला, पाय एकात एक घेऊन. खाणं तर नाहीच. पोट चिंचोक्यासारखं चपटं झालं. मी गिऱ्हाइकांवर खेकसायला लागलो. एकाचं घड्याळ तर न उघडताच परत केलं, म्हटलं, दुसरीकडं न्या.

त्याच आठवड्यात फुलंब्रीकडची एक बाई दुकानात आली. माझ्याच वयाची असेल, डोक्यावर पदर, हातात रुमालात गुंडाळलेलं नवऱ्याचं चावीचं घड्याळ. मी घड्याळ उघडेपर्यंत ती बाहेरच्या स्टुलावर बसली आणि तिची नजर फळीवरच्या डब्यावर गेली. बायका किंचाळतात म्हणून मी डबा सरकवायला हात पुढं केला. ती किंचाळली नाही. उठून जवळ आली.

"भाऊ, ह्यो हितं कसा काय?"

"ओळखता तुम्ही याला?"

"तर! आमच्या बांधावर म्हातारी चिंच हाय, तिच्या ढोलीत ऱ्हातो ह्यो. ह्ये त्याचं पोर दिसतंय. लई गरीब जनावर. आपुन हात घातला तरच उठतंय अंगावर."

"हा मेक्सिकोचा आहे," मी जरा तोऱ्यात म्हणालो.

"आसंल बाबा. आमच्या चिंचेला काय ठावं मेक्सिको." ती डब्याला नाक लावून बघायला लागली. "पन मग ह्याचं जाळं कुठंय?"

"कसलं जाळं?"

"आवं, ढोलीच्या तोंडाला फडकं लावल्यावानी पांढरं ऱ्हातंय की. आत नळी आस्ती, त्यातनंच त्याची ये-जा. पाऊस लागत नाय, मुंगी शिरत नाय. त्येच्याबिगर त्यो ऱ्हातच नाय कवा."

"ते मी काढून टाकतो," मी म्हणालो. "दर रविवारी."

तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, हसतीय. हसत नव्हती.

"आर्र द्येवा! दर आयतवारी त्याचं घर पाडता व्हय तुमी?" ती म्हणाली. "आन् परत बांधायला दोरा कुठनं आनायचा त्यानं? त्याच्या पोटातलाच ना भाऊ? त्योच वढून वढून वाळून चाललंय ल्येकरू."

माझ्या हातात तिच्या नवऱ्याचं घड्याळ उघडं होतं. आतला एक स्क्रू चिमट्यातून सुटून कुठं गेला ते मला कळलं नाही, तो शोधायला पुढं अर्धा तास लागला. ती बिचारी वाट बघत बसली. निघताना म्हणाली, "साल द्या त्येला. उभी. आन् नका काडू आता." मी मान हलवली.

ती गेल्यावर त्या दिवशी मी दुसरं एकही काम केलं नाही. डोळ्यांपुढं ते सोमवारचे कोपरे यायला लागले. प्रत्येक वेळी तोच कोपरा, वरचा, सालीच्या मागचा. प्रत्येक वेळी नळीच असायची ती. मी चिमट्यानं ओढली की सबंध निघायची, आणि तिला बाहेरून मातीचे बारीक कण एकेक करून चिकटवलेले असायचे. हे मी भिंगातून पाहिलं होतं. चाळीस वर्षं परक्याच्या कारागिरीला हात लावताना दहादा विचार करणारा मी, मला ती कारागिरी दिसली नाही. मला कचरा दिसला. एवढंच नाही, त्याची ओळख पटायची एकमेव खूण मी स्वतःच्या हातानं पुसत होतो आणि वर फोनवर सांगत होतो, एक तंतू नाही.

आता पोरीला सांगायला पाहिजे होतं. मी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. दोनदा तिचा फोन आला, दोनदा म्हणालो, आहे तसाच आहे. भीती कसली होती ते सांगतो. ती ओरडेल याची नव्हती, तिचं ओरडणं माझ्या तालमीतलं आहे. ती म्हणेल, पप्पा, राहू द्या, मैत्रिणीला पाठवते. आणि तो जाईल. एवढ्या एका कारणासाठी मी त्या जिवाला आणखी दोन दिवस उपाशी लटकत ठेवलं. मनाची समजूत घातली की जाळं काढत नाही ना आता, बस झालं. पण त्याच्यात नवीन विणायची ताकद उरली नव्हती आणि टेकायला साल नव्हती; ती परत ठेवली असती तर रोजच्या फोटोत पोरीला दिसली असती. दुसऱ्या संध्याकाळी तो झाकणावरून खाली पडला. मातीवर पडला आणि उठायला त्याला फार वेळ लागला.

मी लगेच फोन लावला. ती कामात होती, तरी उचलला. मी सगळं सांगितलं. रविवार, ब्रश, कपाखाली ठेवणं, फुलंब्रीची बाई, दोन दिवस. म्हणालो, "तू विचारलंस तेव्हा जाळं नव्हतं हे खरं. पण मी काढलं होतं म्हणून नव्हतं. माझं चुकलं."



"पप्पा, किती रविवार?" तिनं विचारलं.

"सगळे."

मग ती रडली. मी तिला लहानपणापासून रडवत आलोय, अभ्यासावरून, फोनवरून, उशिरा येण्यावरून, पण हे रडणं वेगळं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "पाठव मैत्रिणीला. मी काही म्हणणार नाही."

"आता प्रवासात मरेल तो," ती म्हणाली. "ऐका. स्वयंपाकघरातली उंच बरणी घ्या, शेवेची. धुऊन कोरडी करा, झाकणाला भोकं पाडा. साल उभी ठेवा, तिच्यावर पाण्याचा थेंब द्या. आणि पप्पा, हात लावायचा नाही. रविवारीसुद्धा नाही."

शेव कागदावर ओतली. बरणी तीनदा धुतली. अंगणात निंबाची वाळलेली साल पडली होती, ती उभी करून ठेवली आणि त्याला ब्रशच्या टोकानं आत घेतला. तो सालीवर चढला आणि तिच्या मागं गेला. चार दिवस मला त्याचा एक पाय तेवढा दिसत होता. पाचव्या दिवशी साल आणि बरणीच्या मधे धुकं धरल्यासारखं पांढरं दिसलं. रविवार आला. मी घरातली जळमटं झाडली, पण बरणी होती त्या खोलीत गेलोच नाही. हात शिवशिवत होते, खोटं कशाला बोलू?

आठवड्यानं त्यानं रातकिडा धरला. मी दुकानात एकटाच "शाब्बास!" म्हणून ओरडलो आणि कुलूपकिल्लीवाला धावत आला, त्याला वाटलं मला काहीतरी झालं. त्यानंतर हा खातच सुटला. मग एकदम थांबला, आणि एका दुपारी बघतो तर नळीच्या तोंडाशी उताणा पडलेला, पाय वर. पोरीनं लिहिलेलं मला तोंडपाठ होतं, तरी खिशातला तो कागद काढून पुन्हा वाचला. मी शटर अर्धं ओढलं आणि बोळातल्या मोटरसायकलवाल्यांना हात जोडून म्हणालो, बाबांनो, गाड्या ढकलत न्या, आत पेशंट आहे. लोक माझं ऐकतात, कारण माझं नाही ऐकलं की काय होतं ते त्यांना माहीत आहे. साडेतीन तास मी स्टुलावर हललो नाही. त्यानं जुन्या अंगातून एकेक पाय सोडवला, बोटांवरून ओला हातमोजा ओढावा तसा, थांबत थांबत. शेवटचा पाय निघाला तेव्हा मीच घामाघूम झालो होतो. कात तिथंच पडली होती, सबंध, नखांसकट.

पोरीला फोटो पाठवला. तिनं दहा वेळा विचारलं, पाय सगळे आहेत ना? आहेत म्हटलं, मोजलेत.

पुढच्या तीन दिवसांत त्याला रंग आला. राखाडी अंगावर पांढरी-काळी नक्षी उठली. गुडघे लाल नव्हते. आणि चौथ्या सकाळी मी दुकान उघडलं, पिशवीतून बरणी काढली, तर तो बरणीच्या काचेला पोट लावून बसला होता. रंग आल्यापासून त्याला मी वरूनच पाहिलेलं. उंच बरणीमुळं आता खालून दिसला. पुढच्या दोन जोड्यांचे पाय खालून पिवळेधमक. झेंडूसारखे. मधे काळे पट्टे. मी डोळ्याला भिंग लावलं, पुन्हा बघितलं. मग मोबाईल काढला. पोरीनं मला सगळ्या जातींची चित्रं पाठवून ठेवली होती, हा असेल की तो असेल म्हणून. त्यातलं एक मी कधी नीट बघितलंच नव्हतं, कारण ते मला नको होतं. आपल्याकडच्या रानातला, जुन्या झाडांच्या ढोलीत राहणारा. ओळख: पुढचे पाय खालून पिवळे.

फुलंब्रीची बाई न शिकलेली, न भिंग लावलेली, एका नजरेत सांगून गेली होती.

मी मोबाईल उलटा ठेवला. जात कळली होती आणि ती फक्त मला कळली होती. पोर चेन्नईला. तिच्या त्या लोकांना फोटो मिळतात ते माझ्याकडून. मी त्या दिवशी फोटो काढला, झाकण उघडून, वरून. दुसऱ्या दिवशीही वरूनच. ती म्हणाली, पप्पा, किती देखणा झालाय. मी म्हणालो, मग! मनात म्हणालो, खातोय, विणतोय, मजेत आहे, कुणाचं काय बिघडतंय? मेक्सिकोचा म्हणून आला, मेक्सिकोचा म्हणून राहील. संध्याकाळी घरी येऊन मी जेवायला बरणीसमोर बसलो. आता तो पाय उचलायचा नाही मला बघून. बसून राहायचा आपला. एवढ्यासाठी किती महिने घालवले होते मी.

तेवढ्यात तिचा फोन आला. ती खुशीत होती. इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "पप्पा, मी तुम्हाला बोलले नाही, पण त्या दिवशी तुम्ही खरं सांगितलंत ना, म्हणून वाचला तो. दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं."

 मी घास गिळला आणि म्हणालो, "अगं, तो खालून पिवळा आहे."

"काय?"

"पुढचे चार पाय. पिवळेधमक. मधे काळे पट्टे. दोन दिवस झाले मला बघून. तू दिलेल्या चित्रात आहे तसाच, शेवटून दुसऱ्या."

ती चित्र शोधत असावी. मग तिचा आवाज बारीक झाला. "पप्पा, म्हणजे इकडचाच. कुणीतरी झाडातून काढून विकलाय."

"हो."

"मग त्याला ठेवता नाही येणार. वनखात्याला कळवावं लागेल. ते जाणकारांना विचारून ठरवतील, कुठं न्यायचा ते."

"माहीत आहे."

"माहीत होतं, तर सांगितलंत कशाला?" ती जवळजवळ ओरडलीच. "मला कधी कळलंसुद्धा नसतं!"

"मागच्या वेळी मी गप्प बसलो," मी म्हणालो, "आणि भोगलं त्यानं." बायको गेली तेव्हा चार माणसांत मी रडलो नव्हतो, आणि आता ताटावर बसून एका कोळ्यासाठी हुंदके देत होतो. पोर तिकडं ऐकत होती. तिनंही लपवलं नाही, तीही रडत होती.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "बरं. उद्या सकाळी मी त्यांना फोन करते."

"उद्या नको," मी म्हणालो. "आत्ता लाव. उद्यापर्यंत माझं मन फिरेल."